लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची देखभाल

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरची देखभाल म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या आहाराची, पोषणाची, औषधांची, रक्त तपासण्यांची आणि मानसिक स्वास्थ्याची ठेवली जाणारी नियमित वैद्यकीय निगराणी होय. या शस्त्रक्रियांना बेरियाट्रिक शस्त्रक्रिया असेही म्हणतात. शस्त्रक्रिया काही तासांत पूर्ण होते व रुग्ण बहुधा दोन ते चार दिवसांत घरी जातो. देखभाल मात्र आयुष्यभर चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रियेने पचनसंस्थेची रचना कायमची बदलते, त्यामुळे काही पोषकद्रव्यांची कमतरता अनेक वर्षांनंतरही उद्भवू शकते. यांतील बहुतेक कमतरता वेळेवर ओळखल्यास टाळता येतात.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रिया मुख्यत्वे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत होतात. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यासारख्या वनव्याप्त भागात राहणाऱ्या रुग्णासाठी शस्त्रक्रियेचे केंद्र दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असते. अशा वेळी देखभालीचा मोठा भाग ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रुग्णाचे कुटुंब यांच्यावर येतो.

पार्श्वभूमी

आधुनिक बेरियाट्रिक शस्त्रक्रियेचा आरंभ १९६०च्या दशकात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी केलेल्या गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रियेपासून मानला जातो. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने शस्त्रक्रियेसाठी शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५ किंवा अधिक, असा निकष सुचवला. आशियाई लोकांमध्ये तुलनेने कमी वजनावरही मधुमेह व हृदयविकार जडत असल्याने त्यांच्यासाठी निकष खाली आणण्यात आले. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई व्यक्तींमध्ये निर्देशांक २७.५च्या पुढे असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

देखभालीचे स्वरूप शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते. प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

• स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून उरलेल्या जठराची अरुंद नळी केली जाते. आतड्याचा मार्ग बदलत नाही.
• रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास : जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मापाची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. अन्न उरलेले जठर व आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते.
• एक-जोड गॅस्ट्रिक बायपास : ही पद्धत १९९७ साली रॉबर्ट रुटलेज यांनी सुरू केली. हिला मिनी गॅस्ट्रिक बायपास असेही म्हणतात. भारतात ती बऱ्याच प्रमाणात वापरली जाते.
• जठरपट्टा : जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवला जातो. याचा वापर आता कमी झाला आहे.

लोह, कॅल्शियम व फॉलिक आम्ल यांचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी जठरातून स्रवणारा एक विशिष्ट घटक लागतो. बायपासमध्ये अन्न हे दोन्ही भाग टाळून जाते, तर स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भागच काढलेला असतो. म्हणून या रुग्णांना पुरेसा व चौरस आहार घेऊनही पूरक औषधांची गरज कायम राहते. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षे पुरेल इतका असल्याने त्याची कमतरता उशिरा प्रकट होते. तोवर रुग्णाला आपण पूर्ण बरे आहोत असे वाटत असते.

भेटींचे वेळापत्रक

साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन आठवड्यांनी पहिली भेट होते. त्यानंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी किमान एकदा तपासणी केली जाते. पहिल्या दोन वर्षांत वजन झपाट्याने बदलत असल्याने भेटी अधिक असतात.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१४ साली सुचवलेल्या पद्धतीनुसार शस्त्रक्रिया केलेल्या केंद्राने किमान दोन वर्षे रुग्णाचा पाठपुरावा करावा आणि त्यानंतर स्थानिक डॉक्टर व केंद्र यांनी जबाबदारी वाटून घेऊन वर्षातून किमान एकदा पोषणस्थिती तपासावी. या पद्धतीस सामायिक देखभाल म्हणतात. दूरच्या रुग्णांसाठी ती विशेष उपयुक्त आहे.

कालांतराने भेटींना येणाऱ्या रुग्णांची संख्या घटत जाते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे. प्रवासाचा खर्च, बुडणारी मजुरी, वजन पुन्हा वाढल्याचा संकोच आणि ‘आता काही त्रास नाही’ ही भावना ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत.

आहार

शस्त्रक्रियेनंतर आहार टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. केंद्रागणिक थोडा फरक असला तरी सर्वसाधारण क्रम असा असतो :

• पहिले एक-दोन दिवस : पाणी, पातळ गाळीव द्रव.
• दुसऱ्या आठवड्याअखेरपर्यंत : दूध, ताक, वरणाचे गाळलेले पाणी, भाताची पातळ पेज, प्रथिनयुक्त पेय.
• तिसरा व चौथा आठवडा : घोटलेले वरण, कुस्करलेली भाजी, दही.
• पाचवा व सहावा आठवडा : मऊ खिचडी, उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा, पनीर.
• त्यानंतर : नेहमीचे घरगुती अन्न, थोड्या प्रमाणात.

प्रथिनांचे प्रमाण दिवसाला किमान ६० ग्रॅम, शक्यतो ६० ते ८० ग्रॅम ठेवण्याचा सल्ला दिला जातो. पूर्व विदर्भात भात हे मुख्य अन्न आहे. लहान झालेल्या जठरात भात आधी गेल्यास वरण, अंडी वा मासे यांना जागा उरत नाही. त्यामुळे ताटातील प्रथिनयुक्त पदार्थ आधी, भाजी त्यानंतर आणि भात शेवटी असा क्रम सांगितला जातो. तूर, मूग व हरभरा यांच्या डाळी, अंडी, तलावांतील मासे, कोंबडी, दूध व ताक हे या भागात सहज मिळणारे प्रथिनांचे स्रोत आहेत. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब आणि इतर धागेदार भाज्या सुरुवातीच्या महिन्यांत टाळल्या जातात किंवा अगदी मऊ शिजवून दिल्या जातात.

घास लहान घेऊन तो पूर्ण चावणे, जेवण वीस ते तीस मिनिटांत सावकाश संपवणे आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबणे हे नियम कायमचे असतात. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर साधारण अर्धा तास थांबून पुढे दिवसभर घोटाघोटाने किमान दीड लिटर द्रव घ्यावा, असे सांगितले जाते. धान रोवणी, तेंदूपाने किंवा मोहफुले वेचणे अशी उन्हातील कामे करणाऱ्यांना याहून अधिक पाण्याची गरज असते. एका वेळी तांब्याभर पाणी पिणे शक्य नसल्याने त्यांनी पाणी सतत जवळ बाळगणे आवश्यक ठरते.

बायपासनंतर साखर, गूळ, गोड चहा किंवा शीतपेय घेतल्यास अन्न वेगाने आतड्यात उतरून घाम, धडधड, पोटात कळा व जुलाब असा त्रास होऊ शकतो. यास डंपिंग म्हणतात. तो जेवणानंतर तासाभराच्या आत होतो. काही रुग्णांत एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरून चक्कर, थरथर व क्वचित बेशुद्धी येते. उपाय म्हणून गोड पदार्थ वर्ज्य करून थोडे थोडे व प्रथिनयुक्त खाण्यावर भर दिला जातो.

पूरक जीवनसत्त्वे व खनिजे

अमेरिकेतील बेरियाट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१६ साली सुधारित केलेल्या शिफारशी भारतातही संदर्भ म्हणून वापरल्या जातात. प्रौढ व्यक्तीसाठी त्यांतील प्रमुख मात्रा अशा आहेत :

• बी-१२ : तोंडावाटे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन.
• लोह : पाळी येणाऱ्या स्त्रिया तसेच स्लीव्ह व बायपास झालेले रुग्ण यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम, कमी जोखमीच्या पुरुषांना १८ मिलिग्रॅम.
• कॅल्शियम : रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम, विभागून. जठरातील आम्ल कमी झालेले असल्याने कार्बोनेटपेक्षा सायट्रेट प्रकार अधिक चांगला शोषला जातो.
• ड जीवनसत्त्व : रोज ३००० आंतरराष्ट्रीय एकके, रक्तातील पातळी पाहून कमी-जास्त.
• थायमिन, म्हणजे बी-१ : रोज किमान १२ मिलिग्रॅम.
• फॉलिक आम्ल : रोज ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांना ८०० ते १०००.

प्रत्यक्ष मात्रा रुग्णाच्या शस्त्रक्रियेवर व तपासणीवर ठरते. लोह व कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोहाचे शोषण घटते, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवले जाते. चहासोबत लोहाची गोळी घेणेही टाळले जाते. शासकीय केंद्रांत गर्भवतींना मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या सहज उपलब्ध असल्या तरी त्यांत बी-१२ किंवा थायमिन नसते. त्यामुळे केवळ त्यांच्यावर विसंबणे पुरेसे ठरत नाही. फॉलिक आम्ल एकटेच घेत राहिल्यास रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी-१२च्या अभावाने होणारी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.

रक्त तपासण्या

तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, बी-१२, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, रक्तशर्करा आणि चरबीचे प्रमाण तपासले जाते. पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या तपासणीवरून हाडांतून कॅल्शियम ओढले जात आहे का ते कळते. आतड्याचा मोठा भाग टाळणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर अ जीवनसत्त्व, जस्त व तांबे यांचीही तपासणी होते.

गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याचा या तपासण्यांच्या अर्थावर परिणाम होतो. सिकलसेल असलेल्या व्यक्तीत तांबड्या पेशींचे आयुष्य कमी असल्याने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी ही तपासणी विश्वासार्ह राहत नाही व मधुमेह आटोक्यात असल्याचा चुकीचा समज होऊ शकतो. अशा वेळी उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर मोजावी लागते. हिमोग्लोबिन कमी दिसताच लोह सुरू करण्याऐवजी आधी फेरिटिन पाहणे योग्य ठरते. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या रुग्णात तांबड्या पेशींचा आकार औषधामुळेच वाढतो, त्यामुळे बी-१२च्या कमतरतेची खूण झाकली जाते. शिवाय शरीरातील पाणी कमी झाल्यास सिकलसेलच्या वेदना उफाळू शकतात, म्हणून उलट्या होत असलेल्या अशा रुग्णाला विलंब न करता रुग्णालयात नेणे गरजेचे असते.

औषधांतील बदल

शस्त्रक्रियेनंतर मधुमेह कित्येकदा वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत सुधारू लागतो. इन्सुलिन व साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्यांची जुनी मात्रा चालू राहिल्यास साखर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबतही हेच घडते. थायरॉइडची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे यांची मात्राही पुन्हा ठरवावी लागते.

बायपास झालेल्या रुग्णांनी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, कारण जठर व आतडे यांच्या जोडावर त्यांमुळे व्रण होऊन रक्तस्राव किंवा छिद्र पडू शकते. गुडघेदुखी, कंबरदुखी व ताप यांसाठी दुकानातून चिठ्ठीविना या गोळ्या घेण्याची सवय ग्रामीण भागात सर्वत्र असल्याने हा धोका वास्तव आहे. त्याऐवजी सहसा पॅरासिटॅमॉल वापरले जाते.

वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ती कमी करण्यासाठी पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिले जाते.

धोक्याची लक्षणे

पहिला महिना. टाके किंवा जोड यांतून गळती झाल्यास सर्वांत आधी दिसणारी खूण बहुधा नाडीचा वाढलेला वेग ही असते. मिनिटाला १२०च्या वर नाडी, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे किंवा श्वास लागणे ही लक्षणे दिसल्यास पोट हाताला मऊ लागत असले तरी गळतीची शंका घेतली जाते. पोटरीवर सूज, छातीत दुखणे व एकाएकी दम लागणे ही रक्ताची गुठळी झाल्याची लक्षणे असू शकतात. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या नाकातून जठरात नळी अंदाजाने घालू नये, कारण तिने जोड फाटू शकतो.

सततच्या उलट्या. शरीरात थायमिनचा साठा केवळ दोन ते तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. त्यामुळे सतत उलट्या होणाऱ्या रुग्णात वेर्निके विकार उद्भवू शकतो. गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड किंवा दुहेरी दिसणे आणि चालताना तोल जाणे ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. ती तिन्ही एकाच वेळी असतीलच असे नाही. अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजचे सलाईन लावल्यास उरलेले थायमिनही खर्च होऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी किंवा सोबतच थायमिनचे इंजेक्शन आणि त्यानंतर ग्लुकोज, असा क्रम पाळला जातो. थायमिन स्वस्त व निर्धोक असल्याने तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ते दिले जाते. उलट्या व अशक्तपणा यांसाठी ग्लुकोजची बाटली लावणे ही ग्रामीण दवाखान्यांतील नित्याची बाब असल्याने ही एक माहिती रुग्णाचे आयुष्य वाचवू शकते.

उशिरा होणारी पोटदुखी. बायपासनंतर वजन उतरल्यावर आतड्याच्या आवरणात फटी मोकळ्या होऊन त्यांत आतडे अडकू शकते. या अंतर्गत हर्नियामध्ये महिन्यांनी किंवा वर्षांनी, विशेषतः जेवणानंतर, कळा येतात व जातात. साधा क्ष-किरण व रक्ताचे अहवाल सामान्य येऊ शकतात. कळ तीव्र असेल किंवा वारंवार येत असेल तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या शल्यचिकित्सा केंद्राकडे त्वरित पाठवणे आवश्यक असते. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यास काही तासांत ते सडू लागते.

गर्भधारणा

वजन उतरल्यावर स्त्रियांची पाळी नियमित होते व गर्भधारणेची शक्यता वाढते. वजन झपाट्याने उतरत असताना गर्भाचे पोषण धोक्यात येऊ नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा लांबवण्याचा सल्ला दिला जातो. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण अनिश्चित होत असल्याने तांबी किंवा अन्य साधन सुचवले जाते.

गर्भारपणी दर तिमाहीत पोषणाच्या तपासण्या केल्या जातात. गर्भवतींना मधुमेहासाठी दिली जाणारी ग्लुकोजच्या पाण्याची चाचणी बायपास झालेल्या स्त्रीत डंपिंग घडवू शकते. तिच्याऐवजी घरी किंवा उपकेंद्रात आठवडाभर साखर मोजली जाते. म्हणून गर्भवतीच्या नोंदणीच्या वेळीच आशा किंवा आरोग्यसेविकेला शस्त्रक्रियेची माहिती देणे महत्त्वाचे असते.

मानसिक स्वास्थ्य व व्यसने

शरीराचे रूप काही महिन्यांत बदलल्याने बहुतेकांचा आत्मविश्वास वाढतो. परंतु काहींना सैल झालेली त्वचा, नातेसंबंधांतील ताण किंवा अपेक्षाभंग यांमुळे नैराश्य येते. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत आत्मघाताचा धोका काही प्रमाणात वाढत असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे मनःस्थितीची विचारपूस हा प्रत्येक भेटीचा भाग मानला जातो.

बायपासनंतर दारू रक्तात वेगाने व अधिक प्रमाणात चढते आणि उशिरा उतरते. पूर्वी मर्यादित पिणाऱ्यांतही दुसऱ्या वर्षापासून व्यसन जडण्याचा धोका वाढतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. लगतच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. तरीही मोहाची दारू घरोघरी गाळण्याची परंपरा या परिसरात जुनी आहे आणि सण, लग्न व इतर विधींत तिला स्थान आहे. रुग्णाला केवळ मनाई न करता त्याचे शरीर आता दारू पूर्वीप्रमाणे पेलू शकत नाही हे कुटुंबासमोर समजावून सांगणे परिणामकारक ठरते.

तंबाखूच्या धूम्रपानामुळे जोडावर व्रण होण्याची शक्यता वाढते, म्हणून विडी व सिगारेट पूर्ण बंद करण्यास सांगितले जाते. विदर्भात सुगंधित तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा विशेष प्रचलित आहे. खर्ऱ्यातही निकोटीन असते आणि सतत तोंडात ठेवल्याने जेवणाकडे दुर्लक्ष होते; तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर स्वतंत्रच आहे. गडचिरोली जिल्ह्यात दारू व तंबाखू कमी करण्यासाठी २०१६ पासून मुक्तिपथ हा कार्यक्रम राबवला जात आहे.

वजन पुन्हा वाढणे

सर्वाधिक वजन पहिल्या एक ते दोन वर्षांत उतरते. त्यानंतर थोडे वजन परत वाढणे हे अपेक्षित असून त्याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा होत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे वजन पहिल्या वर्षानंतर काही अंशी वाढून पुढे स्थिरावले. तरीही २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, सरासरी सुमारे ११ वर्षांच्या पाठपुराव्यावरील निष्कर्षांत या गटातील मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा कमी होते.

वजन वाढू लागल्यास दिवसभर थोडेथोडे खात राहणे, गोड पेये, दारू, व्यायामाचा अभाव, मनःस्थिती व नवी औषधे यांचा शोध घेतला जातो. गरजेप्रमाणे समुपदेशन, औषधोपचार किंवा क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया केली जाते. या टप्प्यावर रुग्णाला दोष दिल्यास तो तपासणीला येणेच सोडतो व पोषणाच्या कमतरताही नजरेआड राहतात.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेची सार्वजनिक चर्चा वाढण्यास काही घटना कारणीभूत ठरल्या. २०११ साली भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१७ साली इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील इमान अहमद या, सुमारे ५०० किलो वजन असल्याचे सांगितल्या गेलेल्या महिलेवर मुंबईच्या सैफी रुग्णालयात मार्च महिन्यात स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यात त्यांना पुढील उपचारांसाठी अबू धाबीला नेण्यात आले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तेथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रकृतीत अनेक गुंतागुंती होत्या. मोठ्या प्रमाणात वजन उतरल्यानंतरही रुग्णाला दीर्घकाळ बहुविध उपचारांची गरज राहते, हे या प्रकरणातून जगासमोर आले.

भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातील वगळण्याच्या अटी प्रमाणित केल्या. त्यांनुसार वैद्यकीय सल्ला, वय १८ वर्षे किंवा त्याहून अधिक आणि निर्देशांक ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ अशा अटी पूर्ण होत असल्यास लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया वगळता येत नाही. तथापि रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च विम्यात सहसा ठरावीक दिवसांपुरताच मिळतो. जीवनसत्त्वे, प्रथिनपूरके व वार्षिक तपासण्या यांचा आयुष्यभराचा खर्च कुटुंबालाच उचलावा लागतो. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना हा खर्च विचारात घेणे आवश्यक मानले जाते.

दुर्गम भागातील पाठपुरावा : धानोरा तालुका

धानोरा हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते गडचिरोली शहराच्या पूर्वेस, छत्तीसगडकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. तालुक्याचा बराचसा भाग वनाखाली असून गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. मराठीसोबत गोंडी बोलली जाते. आरोग्याच्या दृष्टीने हा परिसर आजवर कुपोषण, हिवताप व सिकलसेल यांसाठी ओळखला गेला. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेला रुग्ण येथील डॉक्टरांसमोर क्वचितच येतो आणि म्हणूनच त्याच्या गरजा अपरिचित राहण्याची शक्यता अधिक असते.

वैद्यकीय महाविद्यालयांचे जाळे आता या भागाच्या जवळ आले आहे. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले, तर गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. आणीबाणीत रुग्ण हलवण्यासाठी राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. २०२० साली केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची नियमावली प्रसिद्ध केल्यानंतर दूरध्वनी व चित्रफितीद्वारे सल्ला घेण्यास अधिकृत आधार मिळाला. ई-संजीवनी ही शासकीय सेवाही त्याच सुमारास विस्तारली. वजन, रक्तदाब, साखर व रक्ताचे नमुने स्थानिक पातळीवर घेऊन केवळ अहवाल शल्यचिकित्सकास पाठवल्यास वार्षिक भेटीसाठी नागपूरचा प्रवास दर वेळी करावा लागत नाही.

घरापर्यंतच्या पाठपुराव्याची परंपरा मात्र याच तालुक्यात रुजलेली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेचे शोधग्राम धानोरा तालुक्यात चातगावजवळ आहे. संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. हा प्रयोग नवजात बाळांपुरता असला, तरी ठरावीक दिवशी घरी भेट, ठरावीक लक्षणांची यादी आणि त्यांपैकी एक दिसताच वर कळवणे ही त्याची रीत शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीलाही लागू पडण्यासारखी आहे.

दूरच्या रुग्णांच्या बाबतीत पुढील गोष्टी विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात :

• शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार, तारीख व केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड रुग्णाने व घरातील एका व्यक्तीने सतत जवळ ठेवणे. ‘पोटाचे ऑपरेशन’ एवढ्या माहितीवरून नव्या डॉक्टरला निदान करता येत नाही.
• त्याच कार्डावर तीन सूचना मराठीत असणे : उलट्या होत असल्यास ग्लुकोजपूर्वी थायमिन, डायक्लोफेनॅक व तत्सम गोळ्या नकोत, नाकातून नळी अंदाजाने घालू नये.
• गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच महिन्यात नोंद करणे, म्हणजे पहिली भेट आणीबाणीत होत नाही.
• पावसाळ्यात नाल्यांना पूर येऊन जिल्ह्यातील काही गावांचा संपर्क तुटतो. त्यामुळे जूनपूर्वीच दोन ते तीन महिन्यांची पूरक औषधे घरात साठवणे.
• वर्षातून एकदाची रक्त तपासणी एखाद्या निश्चित दिवसाशी, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेच्या तारखेशी किंवा दिवाळीच्या सुट्टीशी, बांधून घेणे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात रुग्ण राहतो कोठे, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे व पूरक औषधे तेथे मिळतात का, याची चौकशी करणे हा निवडीचा भाग असावा असे तज्ज्ञ मानतात. नियमित पाठपुरावा शक्य नसलेल्या रुग्णासाठी आतड्याचा मोठा भाग टाळणारी शस्त्रक्रिया अधिक जोखमीची ठरते. अशा वेळी स्लीव्हसारख्या तुलनेने सोप्या प्रकाराचा, किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार केला जातो.

हे सुद्धा पहा

• लठ्ठपणा
• मधुमेह
• शरीरभार निर्देशांक
• सिकलसेल
• धानोरा तालुका
• सर्च (शोधग्राम)